तळटीप १४ : ‘खाऱ्या पाण्याची वाफ’
मूळ मजकुरात ‘वाफ’ आहे. पण नेब्युलायझरमधून येतो तो गरम वाफारा नव्हे, औषधाचा सूक्ष्म फवारा. तीव्र मीठपाणी श्वासनलिकेच्या अस्तराकडे पाणी ओढून कफ सैल करते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांमध्ये ७ टक्के द्रावणाने आजार बळावण्याचे प्रसंग कमी झाले. तो निष्कर्ष सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचे आजार असलेल्या मुलांना सरसकट लावणे मला पटत नाही, कारण तिथे मोठी अडचण असते ती खोकल्यात जोर नसण्याची. सैल झालेला कफ फिजिओथेरपीने वा सक्शनने बाहेर काढला नाही, तर तोच श्वास अडवतो. ‘मीठपाणीच तर आहे, अपाय काय होणार?’ हा आक्षेपही टिकत नाही: त्याने श्वासनलिका आवळू शकते, म्हणून आधी साल्ब्युटामॉल देतात. पालकांनी पहिला डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावा.