ब्लेझ फोली : हरवलेल्या फितींचा गायक

गायकाच्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास लिहायचा म्हणजे तबकड्यांची कालानुक्रमे यादी करायची, अशी आपली समजूत असते. टेक्सासमधील कंट्री गायक-गीतकार ब्लेझ फोली (१९४९-१९८९) याच्या बाबतीत ही पद्धत लंगडी पडते. त्याची बहुतेक ध्वनिमुद्रणे त्याच्या मृत्यूनंतर लोकांपर्यंत पोचली. त्यामुळे आधी काय रचले, आधी काय गायले आणि आधी काय ऐकले गेले, हे तीन वेगवेगळे क्रम आम्हाला लावावे लागतात.

त्याचे खरे नाव मायकेल डेव्हिड फुलर. जन्म आर्कान्सातील माल्व्हर्नचा. लहानपणी तो घरच्यांबरोबर भक्तिगीते गात असे. ‘फोली’ हे आडनाव त्याने रेड फोली या जुन्या गायकावरील प्रेमापोटी घेतले. सत्तरच्या दशकात जॉर्जियातील जंगलात, झाडावर बांधलेल्या घरात तो सिबिल रोझेनसह राहिला. रोझेन यांनी २००८ साली त्या दिवसांवर पुस्तक लिहिले.

१९७९ साली ‘इफ आय कुड ओन्ली फ्लाय’ची छोटी तबकडी निघाली. १९८४ साली मसल शोल्समध्ये एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका तयार झाली. पण निर्माता अमली पदार्थांच्या प्रकरणात सापडला आणि मूळ फिती सरकारी जप्तीत गेल्या, असे सांगतात. दुसऱ्या एका ध्वनिमुद्रिकेच्या फिती, ज्या मोटारीत तो राहत असे तिच्यातून त्याच्या सामानासकट चोरीला गेल्या. मसल शोल्सची गाणी पुन्हा बाहेर यायला २००६ साल उजाडले.

डिसेंबर १९८८ मध्ये ऑस्टिनमधील ‘आउटहाउस’ या छोट्या मद्यगृहात त्याचे गायन मुद्रित झाले. आमच्या मते हीच त्याची सर्वात विश्वसनीय संहिता होय. स्टुडिओत वाद्यांच्या भरण्याखाली त्याचा आवाज काहीसा दबतो. इथे गिटार, थोडे सोबती आणि बसलेल्या मंडळींची कुजबुज एवढेच आहे. त्याचा स्वर सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखा येतो आणि शब्दाला पुरेशी जागा मिळते. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, १ फेब्रुवारी १९८९ रोजी, एका वृद्ध मित्राच्या घरी गोळी लागून तो मरण पावला. गोळी झाडणारा मित्राचाच मुलगा होता. स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. ‘आउटहाउस’ची सीडी निघाली ती १९९९ साली.

मृत्यूनंतर आख्यायिका वाढल्या. त्याच्या बुटांना डक्ट टेप लावलेली असे. मित्रांनी शवपेटीलाही तीच गुंडाळली. गहाण टाकलेल्या गिटारची पावती कोटाच्या खिशात राहिली म्हणून थडगे उकरल्याची गोष्ट टाउन्झ व्हॅन झँट रंगवून सांगे. (व्हॅन झँट कसलेला कथेकरी होता, हे ध्यानात ठेवलेले बरे.) लुसिंडा विल्यम्स यांचे १९९८ चे ‘ड्रंकन एंजल’ त्याच्यावरच आहे, २०१८ साली ईथन हॉक यांनी चित्रपट काढला. या साऱ्यात माणूस दिसतो, पण रचनाकार मागे पडतो, ही आमची तक्रार आहे.

त्याची गाणी टिकली ती मुख्यतः इतरांच्या गळ्यातून. ‘इफ आय कुड ओन्ली फ्लाय’ १९८७ साली मर्ल हॅगर्ड आणि विली नेल्सन यांनी एकत्र गायले. हॅगर्ड यांनी २००० साली आपल्या ध्वनिमुद्रिकेला तेच नाव दिले. जॉन प्राइन यांनी २००५ च्या ‘फेअर अँड स्क्वेअर’मध्ये ‘क्ले पिजन्स’ घेतले. ते इतके त्यांचे वाटते, की प्राइन यांचीच रचना समजून ते ऐकणारे आजही भेटतात.