काळीची पांढरी : सोलापूरच्या शेतजमिनीचें वस्तींत रूपांतर व त्याचीं कागदपत्रें

जुन्या मराठी कागदपत्रांशीं ज्यांचा नित्य परिचय आहे त्यांस ‘काळी’ व ‘पांढरी’ हे शब्द नवे नाहींत. गांवची लागवडीची जमीन ती काळी. आणि घरेंदारें, देवालयें व चावडी ज्या जागेवर वसलीं ती पांढरी. महजरांत, निवाडपत्रांत, वतनाच्या कागदांत ही जोडी वारंवार येते. काळीची पांढरी करण्याचा अधिकार कोणाचा, तो कोणत्या अटींवर दिला जाई आणि त्याचा कागद कोणता, हा प्रश्न मात्र आपल्या अभ्यासांत जितका यावयास हवा तितका आलेला नाहीं. प्रस्तुत लेखांत सोलापूर शहर डोळ्यांपुढें ठेवून त्याचा विचार करावयाचा योजिला आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, शेत मोडून घर बांधण्यास सरकारची संमति लागणें हें नवें नाहीं. काळाबरोबर बदलत गेलें तें निराळेंच : त्या संमतीबरोबर कोणावर कोणती जबाबदारी पडे, तें.

प्रथम जुन्या रीतीचा विचार करूं. नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकारांतून कौल दिला जाई. त्या कौलांत वस्तीस येणाऱ्या उदम्यांस कांहीं वर्षें कराची माफी किंवा सूट असे. शेटेपण, महाजनकी यांची नेमणूक होई. आणि वस्ती खरोखर वाढविणें हें कौल घेणाराचें काम ठरे. शेतजमीन पडीत असल्यास इस्ताव्यानें सारा चढवीत नेण्याची जी पद्धति होती, तिचेंच हें वस्तीपुरतें रूप म्हणतां येईल. पुण्यास सदाशिव पेठ भाऊसाहेबांच्या, नारायण पेठ नारायणरावांच्या आणि नाना पेठ नाना फडणिसांच्या नांवानें ओळखली जाते, हें सर्वविदित आहे. ज्याच्या नांवें वा ज्याच्या पुढाकारानें पेठ वसे, त्याचें नांव वस्तीस चिकटे. नांवाबरोबर लौकिकही चिकटे. पेठ ओसाड पडली तर तो लौकिक जाई.

सोलापूरची मूळ पांढरी कसब्याची. बाराव्या शतकांतील सिद्धरामेश्वरांनीं तळें खोदविलें व भोंवतीं अडुसष्ट लिंगें स्थापिलीं अशी परंपरा आहे. मकरसंक्रांतीच्या यात्रेंत नंदिध्वजांची मिरवणूक या लिंगांच्या दर्शनास निघते. मिरवणुकीची ही वाट म्हणजे नगराची पवित्र सीमाच होय, असें आम्हांस वाटतें. भुईकोट किल्ल्यामुळें सोलापूर बहामनी, आदिलशाही, निजामशाही, मोंगल, निजाम व पेशवे अशा अनेक सत्तांच्या हातीं फिरत राहिलें आणि मे १८१८ मध्यें इंग्रजांच्या हातीं गेलें. या दीर्घ काळांत शहर कोटाच्या आंत राहिलें. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, साखर पेठ, बेगम पेठ हीं नांवें जुन्या पेठांच्याच वळणाचीं आहेत.

इंग्रजी अंमलांत प्रथम मोजणीची भाषा बदलली. वीस पांडांचा बिघा आणि एकशें वीस बिघ्यांचा चाहूर हें माप मागें पडलें व एकर-गुंठा आला. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद अशी जागा, अर्थात् १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुराकडून आरंभिलेल्या पाहणीनें प्रत्येक शेतास क्रमांक मिळाला. पूर्वीं शेतास नांव असे. आतां नंबर आला. ‘मौजे कसबे सोलापूर, सर्व्हे नंबर अमुक’ ही जी ओळ आज प्रत्येक खरेदीखताच्या आरंभीं दिसते, तिचें मूळ या पाहणींत आहे. ज्या गुंठ्यानें पुढें इतका घोळ घातला, तो गुंठा मूळचा शेताचा सारा ठरविण्यासाठीं आलेला होता, हें ध्यानांत ठेवावें.

१८६० मध्यें लोहमार्ग सोलापुरास पोंचला. कोटाच्या भिंती शहरास अपुऱ्या पडूं लागल्या व १८७२ च्या सुमारास नगरपालिकेनें त्यांचा बराच भाग पाडून वाट मोकळी केली. १८७४ मध्यें स्थापन झालेली गिरणी, जिला लोक पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणूं लागले, १८७७ पासून चालू झाली. तिचे प्रवर्तक मुरारजी गोकुळदास यांचें नांव मुरारजी पेठेस मिळालें. जुन्या पेठांची नामकरणाची रीत येथपर्यंत टिकली, पण नांव देणारा सरदार नव्हता, गिरणीवाला होता. १९०१ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या ७५,२८८ होती. २०११ मध्यें ती ९,५१,५५८ झाली. येवढीं माणसें जुन्या पांढरींत मावणें शक्यच नव्हतें. काळीवर पाऊल पडणें क्रमप्राप्त होतें.

या पावलाचा पहिला कायदेशीर कागद १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेंतून निघतो. तिच्या ६५ व्या कलमानें शेताचा उपयोग शेतीखेरीज अन्य कामास करावयाचा तर कलेक्टराची परवानगी आवश्यक ठरली. हीच ती ‘बिगरशेती’ परवानगी. येथें संशोधकांनीं एक बारकावा ध्यानीं घ्यावा. अर्जास तीन महिन्यांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असें समजावें, अशी त्या कलमांत तरतूद होती. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४४ व्या कलमानेंही नव्वद दिवसांची अशीच मुदत ठेविली. अर्थात् एखाद्या जुन्या बंगल्याचा बिगरशेती हुकूम सांपडत नाहीं येवढ्यावरून तो बेकायदा ठरत नाहीं. मौनानें मिळालेल्या परवानगीचा कागद नसतो. असलाच तर अर्जाची पोंच असते. म्हणून पोंचेचा चिटोरा हुकुमाइतकाच जपला पाहिजे.

आतां कौल व हा हुकूम यांची तुलना करावी. कौलांत आधीं सूट व मागून कर. हुकुमांत घर उभें राहण्यापूर्वींच वाढीव आकारणी. कौल वस्तीस बोलावी. हुकूम जमिनीचा उपयोग बदलल्याची नोंद घेई. घराभोंवतीं रस्ता, विहीर, मोकळी जागा आहे कीं नाहीं, याची चौकशी महसुलाच्या दृष्टीनें गौण होती. परवानगी राहिली, पण वस्ती वसविण्याची जबाबदारी त्या कागदांतून गळाली.

ती जबाबदारी परत आणण्याचा यत्न १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानें केला. त्याची युक्ति मोठी मार्मिक होती. अनेक मालकांचीं वेडीवांकडीं शेतें कागदावर एकत्र करावयाचीं. त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढावयाच्या. आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या ‘अंतिम भूखंडां’च्या रूपानें त्याच मालकांस परत द्यावयाची. जमिनीची किंमत वाढे तीपैकीं कांहीं वांटा योजनेच्या खर्चासाठीं मालकानें द्यावा, असेंही ठरलें. म्हणजे शेत गमावून मालक सर्वस्वीं बाहेर फेंकला जात नसे आणि शहरासही रस्ता फुकट मागावा लागत नसे. सोलापुरांत अशा योजना झाल्या. ज्या खरेदीखतांत सर्व्हे नंबराऐवजीं वा त्याजबरोबर ‘फायनल प्लॉट नंबर’ येतो, तें खत या व्यवस्थेचें समजावें.

पुढें १९५४ च्या कायद्यानें नगरसंस्थांवर विकास आराखडा करण्याचें बंधन घातलें आणि ११ जानेवारी १९६७ पासून महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा त्याच्या जागीं आला. आतां शेताचें भवितव्य नकाशावरील रंगानें ठरूं लागलें. निवासी विभागाचा रंग एक, शेतीचा हिरवा. हिरव्याचा निवासी करावयाचा तर या अधिनियमाच्या ३७ व्या कलमान्वये फेरबदलाची सूचना प्रसिद्ध व्हावी, हरकती मागवाव्या, हरकतदारांस ऐकावें आणि अखेर राज्यसरकारची मंजुरी घ्यावी, असा क्रम आहे. गोतसभेपुढें वादी-प्रतिवादी उभे राहून महजर होई, त्याची येथें आठवण होते. परंतु साम्य ओढून ताणून लावूं नये. गोतांतील माणूस शेत पाहिलेला असे. आजची सूचना वाचण्यास राजपत्र वा वृत्तपत्र हातीं यावें लागतें, आणि ज्याच्या बांधाशेजारीं रंग बदलतो त्याच्या हातीं तें येतेंच असें नाहीं. म्हणून हरकतींचे अर्ज व सुनावणीचे वृत्तांत हा इतिहासाचा पहिल्या प्रतीचा पुरावा आहे. मंजूर नकाशा काय ठरलें तें सांगतो. हरकतीचा अर्ज कोणास काय गमवावें लागलें तें सांगतो.

विरळ वस्तीचा प्रश्नही याच संदर्भांत पाहावा. शेतकऱ्यानें शेतांत राहावें हें कायद्यास कधींच अमान्य नव्हतें. १९६६ च्या महसूल संहितेच्या ४१ व्या कलमांत शेतघराच्या क्षेत्राचें माप पुढें घालून दिलें गेलें : मोठ्या धारणेंत घराचें जोतें जमिनीच्या चाळिसाव्या हिश्शाहून अधिक नसावें व कोणत्याही परिस्थितींत चारशें चौरस मीटरांपलीकडे जाऊं नये. येथें एकोणचाळीस हिस्से काळी राहते. शेत राखून राहणें तें हें. शेत मोडून राहणें तें निराळें. हा भेद कागदावर स्पष्ट, पण शहराच्या कडेला फार लवकर पुसट होतो.

तो सोलापुरांत कसा पुसट झाला तें पाहूं. १९९२ मध्यें महानगरपालिकेची हद्द वाढली. सुमारें ३३ चौरस किलोमीटरांचें शहर १७८.५७ चौरस किलोमीटरांचें झालें. बाळें, केगांव, शेळगी, दहिटणें, सोरेगांव, कुमठें, देगांव, मजरेवाडी अशा गांवांची काळी एका अधिसूचनेनें शहरांत आली. यांतील मजरेवाडी हें नांव लक्षणीय आहे. मजरा म्हणजे मूळ गांवापासून दूर शेतांच्या सोयीनें वसलेली पोटवस्ती; तेव्हां हें नांव स्वतःच काळींत उठलेल्या जुन्या वस्तीची साक्ष देतें, असें दिसतें. परंतु हद्द जितक्या झपाट्यानें सरकली तितक्या झपाट्यानें रस्ते, नळ व गटारें सरकणें शक्य नव्हतें. मध्यंतरीं जमीन मात्र गुंठ्यागुंठ्यानें विकली जाऊं लागली.

ही ‘गुंठेवारी’ होय. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानें ठराविक प्रमाणाहून लहान तुकड्याच्या हस्तांतरणास बंदी केली होती. कायद्याचा हेतु शेत वांचविण्याचा. पण शहराच्या कडेला परिणाम असा झाला कीं, व्यवहार थांबला नाहीं, त्याचा कागद तेवढा दुबळा झाला. रेखांकन मंजूर नाहीं, बिगरशेती हुकूम नाहीं, सातबाऱ्यावर अनेकांचीं नांवें एकत्र किंवा मूळ मालकाचेंच नांव कायम, आणि घेणाराच्या हातीं मुद्रांकावरील एक करारपत्र. असें घर बांधणारा बहुधा हातावर पोट असलेला. आयुष्याची सारी मिळकत ज्या दीड-दोन गुंठ्यांत गेली, त्यांचा आधार तो येवढा एक कागद. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमानें १ जानेवारी २००१ पूर्वींच्या अशा वस्त्या शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट दिली. २०२१ मध्यें ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढें नेली. कौलांत संमति आधीं व घर मागून. येथें घर आधीं व संमति मागून. रस्त्यास जागा कोणी सोडावी हा प्रश्न, सर्व घरें उभीं राहिल्यावर, ज्यांच्याकडे सोडण्यास जागाच नाहीं त्यांच्यापुढें येतो.

याच्या उलट उदाहरणही सोलापुराच्या वेशीबाहेरच आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कुंभारी येथें स्त्री-विडी-कामगारांच्या सहकारी संस्थेमार्फत दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली व २००६ मध्यें तिचें हस्तांतरण झालें. तेथेंच असंघटित कामगारांसाठीं तीस हजार घरांची रे नगर योजना हातीं घेतली गेली व तींतील पंधरा हजार घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं देण्यांत आलीं. या योजनांचे गुणदोष सांगण्याचें हें स्थळ नव्हे. एवढेंच म्हणावयाचें कीं, वसविणारा कोण व वसणारे कोण हें येथें आरंभींच कागदावर आलें. कौलाचें सार तेंच होतें.

अलीकडे २०१४ व २०१७ च्या दुरुस्त्यांनीं, जेथें अंतिम विकास आराखडा आहे तेथें, तसेंच गांवठाणाच्या सीमेपासून दोनशें मीटरांच्या आंत, स्वतंत्र बिगरशेती परवानगीचें बंधन पुष्कळ सैल झालें. लोकांचा त्रास वांचला हें खरें. परंतु एका जातीचा कागद निर्माण होण्याचें थांबत चाललें हेंही तितकेंच खरें. यापुढें एखाद्या नगराचा आरंभ ठरवितांना संशोधकास चार तारखा निरनिराळ्या लावाव्या लागतील : कराराची, फेरफाराची, रेखांकनाच्या मंजुरीची व नियमितीकरणाची. यांतील एकीवरून दुसरीचें अनुमान करणें धोक्याचें होय.

आमची संग्राहकांस विनंति आहे ती येवढ्याचसाठीं. मोडी कागद दिसतांच आपण तो उचलून घेतों. त्याच दप्तरांतील टंकलिखित बिगरशेती हुकूम, निळसर छापाचें रेखांकन, नगरभूमापनाची सनद, गुंठेवारीचें करारपत्र हीं मात्र रद्दींत जातात. पेठेच्या कौलाचा एक तुकडा सांपडला तर आपण त्यावर लेख लिहितों. उद्यांच्या संशोधकास या हुकुमांची व करारांची किंमत तीच असेल. आणि ज्याच्या घराचा तो कागद आहे, त्यास तर ती आजच आहे.