डायनोक्रोटॉन ड्रॅक्युली

डायनोक्रोटॉन ड्रॅक्युली ही गोचिडीची एक नामशेष जाती आहे. तिचे जीवाश्म म्यानमारच्या काचिन राज्यातील सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे अश्मीभूत राळेत, सापडले. एन्रिके पेन्याल्व्हेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिच्यासाठी डायनोक्रोटॉनिडी हे नवे कुल स्थापन केले. डायनोक्रोटॉन या प्रजातीनामाचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘भयंकर गोचीड’ असा असून जातीचे नाव रक्तपिपासू ड्रॅक्युलावरून दिले आहे.

एका गोचिडीचे शरीर रक्त पिऊन फुगले होते व त्याचे घनफळ सुमारे आठपट वाढले होते. परंतु ती राळेत पूर्णपणे बुडालेली नसल्यामुळे तिच्या शरीरातील द्रव्य खनिजांच्या संचयाने बदलले; परिणामी त्यावरून यजमान प्राणी ओळखता आला नाही. एकत्र सापडलेल्या दोन गोचिडींना मात्र भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे केस चिकटलेले होते. अशा अळ्या घरट्यांतील पिसे व त्वचेच्या अवशेषांवर जगतात. त्यामुळे या गोचिडी पिसे असलेल्या डायनोसॉरांच्या घरट्यांत वावरत असाव्यात, असे अनुमान संशोधकांनी काढले. म्यानमारच्याच अंबरात डायनोसॉरच्या पिसाला धरून राहिलेली अन्य जातीची गोचीडही आढळली असून तिच्यामुळे या अनुमानास बळकटी मिळते.