नडगी व घोट्याच्या अस्थिभंगाचे देयक-संकेतांक

नडगी, तिच्यालगतचे बारीक हाड किंवा घोटा मोडल्यावर निदान आणि उपचार देयकात नोंदवण्याचे क्रमांक. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात हा गट ‘एस ८२’ : नडगीचा दांडा ८२.२, आतला घोटा ८२.५, बाहेरचा ८२.६. सरकारी योजनेत मात्र रुग्णालयाला पैसे उपचाराच्या संकेतांकावर मिळतात, म्हणून तो अचूक हवा. महाराष्ट्रातील अशी योजना म्हणजे राजीव गांधी जीवनदायी योजना; ती २०१२ मध्ये अमरावतीसह आठ जिल्ह्यांत आली. २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर, म्हणजे अकोला जिल्ह्यातील अकोटलाही. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. नियोजित शस्त्रक्रियेआधी क्ष-किरण चित्र जोडून पूर्वमंजुरी घेतात. प्लेट-स्क्रू बसवल्यानंतरचे चित्र दाव्यासोबत लागते. अकोटच्या रुग्णाने शिधापत्रिका व आधार घेऊन योजनेशी जोडलेल्या (अंगीकृत) रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, आधी भेटावे.