एरंडेलापासून नव्वद नंबरपर्यंत: पावस परिसरातील मालवाहतूक आणि मागच्या आंसाचे वंगण

रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारे 20 किलोमीटरांवर असलेले पावस स्वामी स्वरूपानंदांच्या (1903–1974) समाधिमंदिरामुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. परंतु या टापूचा संसार हापूस आंबा, जांभ्याचा चिरा आणि मासळी यांवर चालत आला असून, हा माल गावाबाहेर कसा न्यायचा हा येथील जुना प्रश्न आहे. रनपार आणि पूर्णगड ही बंदरे जवळ असल्यामुळे दीर्घकाळ त्याचे उत्तर मचवे आणि गलबते हेच होते, आणि पुढे त्यांना रत्नागिरी बंदरावर थांबणाऱ्या आगबोटींची जोड मिळाली. भाट्ये खाडीवर पूल होण्यापूर्वी रत्नागिरीस जाणाऱ्यालाही तर गाठावी लागे. जो भार पाणी वाहून नेत होते, तो पुढे चाकांवर आणि चाकांमधून आंसावर आला, आणि त्याबरोबरच वंगणाचा विचारही बदलावा लागला.

बैलगाडीचा आंस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, फिरत नाही. त्याच्या टोकांवर चाके आपापल्या गतीने फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागले, तरी कोणतीही अडचण येत नाही. घासते ते आंसाचे टोक आणि चाकाचा तुंबा, म्हणजे आरे जेथे एकत्र येतात तो मधला भाग. तेथे एरंडेलात काजळी किंवा राख कालवून केलेले वंगण पुरत असे. एरंडेल दाट असून धातूला चिकटून राहते, आणि गाडीचा वेग बैलाच्या चालीइतकाच असल्यामुळे त्याहून अधिक गुणाची गरज नव्हती. ते कधी घालायचे हे चाकाच्या कुरकुरण्यावरून गाडीवानाला कळे, ही त्या व्यवस्थेची मोठी सोय होती.

मोटार ट्रकमध्ये इंजिनाची शक्ती मागच्या दोन्ही चाकांना एकाच दांड्यातून मिळते, म्हणून वळणावर त्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा आवश्यक ठरते. तिलाच डिफरन्शियल म्हणतात. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने 1820 च्या दशकाच्या उत्तरार्धात वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले होते. ही यंत्रणा ज्या लोखंडी घरात बसते त्या हौसिंगमध्येच लहान पिनियन आणि मोठे क्राउन हे दातेरी चक्रांचे जोड असून, शक्तीची दिशा काटकोनात वळवण्याचे आणि वेग घटवून जोर वाढवण्याचे काम ते करतात. फोर्डच्या 1917 सालच्या टीटी ट्रकमध्ये या जागी वर्म गिअर, म्हणजे मळसूत्री दांड्याने फिरणारे चाक होते. अशा जोडात सरळ दाबापेक्षा घसरणच अधिक असते आणि चाक तांबेमिश्र धातूचे असते, म्हणून त्याला एरंडेलाच्या जातीची वनस्पतिजन्य तेले विशेष मानवतात. 1960 मध्ये बाजारात आलेल्या पेजो 404 या मोटारीच्या मागच्या आंसातही असेच तेल घालावे लागे. गाडीवानाचे वंगण एका अर्थाने कारखान्यातही टिकून राहिले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

खरा पालट हायपॉइड गिअरने घडवला. पॅकार्ड कंपनीने 1926 मध्ये मोटारींत आणलेल्या या रचनेत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो; त्यामुळे दाते मोठे आणि मजबूत करता येतात, मात्र ते एकमेकांवर दाबले जात असतानाच लांबीच्या दिशेने घसरतातही. भारतात जमशेदपूर येथे 1954 पासून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले, आणि पुढे हायपॉइड आंस ट्रकांत सर्वत्र रूढ झाला. आंबा घाटासारख्या चढावर भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये संथ चालतो, तेव्हा दात्यांवरचा भार सर्वाधिक आणि वेग सर्वांत कमी असतो. वेग कमी म्हणून तेलाचा थर दात्यांमध्ये ओढला जात नाही, आणि भार जास्त म्हणून जो थर असतो तोही पिळून निघतो. साधे दाट तेल येथे हरते. म्हणून हायपॉइडच्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात. घर्षणाने दाते जेथे तापतात तेथेच ती लोखंडाशी संयोग पावून अतिसूक्ष्म रासायनिक थर तयार करतात आणि धातूला धातू चिकटू देत नाहीत. गिअर ऑइलचा उग्र वास याच गंधकाचा असतो.

गॅरेजमध्ये ज्याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात तो आकडा केवळ दाटपणा सांगतो. भार सोसण्याची क्षमता जीएल-4, जीएल-5 या वर्गांवरून कळते आणि हायपॉइडला जीएल-5 लागते. तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतण्याची चूक मात्र महागात पडू शकते, कारण त्यातील प्रबळ गंधकसंयुगे तेथील पितळी कड्यांना हानी पोहोचवतात. कोकण किनाऱ्यावर थंडी बेताचीच असल्यामुळे 80डब्ल्यू-90 मधील पहिल्या, थंडीतील प्रवाहीपणा दर्शवणाऱ्या आकड्याला येथे फारसे महत्त्व नाही. दुसऱ्या आकड्याला आणि वर्गाला आहे.

या टापूत आंसाचा मोठा शत्रू पाऊस आहे. हौसिंगवर ब्रीदर नावाचे लहान श्वसनछिद्र असते. चिऱ्याच्या खाणीवरून आलेला तापलेला आंस वाहत्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात बुडाला की आतली हवा एकाएकी आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग तेल दुधाळ होते, दात्यांवर गंज धरतो आणि बेअरिंगे बसतात. म्हणून तेल बदलण्याचा किलोमीटरांचा हिशेब पाळूनही पावसाळा सरताच ड्रेन प्लग काढून तेल पाहणे येथे अगत्याचे ठरते. प्लगवरच्या चुंबकाला धातूची मऊ भुकटी लागलेली असेल तर ती नेहमीची झीज होय, पण बोटाला टोचणारे तुकडे असतील तर दाता किंवा बेअरिंग फुटू लागले आहे असे समजावे. नवे तेल ट्रक सपाट जागी उभा करून, भरण्याच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंतच घालावयाचे असते. जास्त घातलेले तेल फेसाळते, सील ओलांडून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते आणि आंब्याच्या पेट्या घेऊन कशेडी घाट उतरणाऱ्या ट्रकची मागची पकडच सुटते.