कॅन्सरच्या उपचारात रक्तातला ‘ट्यूमर मार्कर’ : आकडा वाढला म्हणजे आजार वाढला का?

परभणी : जिंतूर, पालम, सोनपेठ, गंगाखेड अशा तालुक्यांतून कॅन्सरच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईला जाणाऱ्या अनेक पेशंटच्या फाइलमध्ये सीईए, सीए-१२५, पीएसए अशा नावांचे रक्ताचे रिपोर्ट असतात. आकडा वाढला की घरात रडारड सुरू होते. आकडा उतरला की ‘आता बरं झालं, केमो कशाला?’ असं वाटतं. दोन्ही वेळा घाई महागात पडू शकते.

ट्यूमर मार्कर म्हणजे काय?

कॅन्सरच्या गाठीमुळे काही पदार्थ, बहुतेक वेळा प्रथिनं, रक्तात जास्त प्रमाणात उतरतात. त्यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. सीईए हा मार्कर १९६५ साली कॅनडातल्या संशोधकांनी शोधला. आज तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सर्रास तपासला जातो.

कोणत्या आजारात कोणती तपासणी?

- मोठं आतडं व गुदाशय : सीईए
- अंडाशय (बीजकोश) : सीए-१२५
- प्रोस्टेट : पीएसए
- स्वादुपिंड व पित्तनलिका : सीए १९-९
- स्तन (पसरलेला आजार) : सीए १५-३
- यकृत : एएफपी
- अंडकोष : एएफपी आणि बीटा-एचसीजी

आपल्या भागात तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर भरपूर दिसतो. पण त्यासाठी रोजच्या वापरातला भरवशाचा रक्तमार्कर नाही. तिथं डॉक्टरांनी तोंड तपासणं, गाठीचा तुकडा काढून तपासणं आणि स्कॅन यांवरच काम चालतं.

डॉक्टर आकडा कसा बघतात?

उपचार सुरू होण्याआधीचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पुढचे सगळे आकडे त्याच्याशी ताडून बघतात. एका रिपोर्टवर सहसा निर्णय होत नाही, ओळीनं दोन-तीन रिपोर्टमध्ये आकडा कुठं चाललाय ते बघतात. उदाहरणार्थ, ऑपरेशननं प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर दीड-दोन महिन्यांत पीएसए जवळपास शून्यावर यायला हवा. तसं झालं नाही तर डॉक्टर पुढचा तपास करतात. आतड्याच्या ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षं साधारण दर ३ ते ६ महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी सीईए करायला सांगतात.

कॅन्सर नसतानाही आकडा का वाढतो?

- विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा सीईए थोडा जास्त असू शकतो.
- पाळी, गरोदरपण किंवा पोटातला टीबी यामुळे सीए-१२५ वाढतो.
- कावीळ झाली, पित्ताचा मार्ग अडला की सीए १९-९ चढतो.
- लघवीचा संसर्ग किंवा प्रोस्टेटला सूज असेल तर पीएसए वाढतो.
- केमो सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे गाठीच्या पेशी मरताना मार्कर तात्पुरता वर जाऊ शकतो. म्हणजे औषध लागू पडत असतानाही आकडा वाढलेला दिसतो.

याच्या उलटही घडतं. काही पेशंटच्या गाठीतून मार्कर फारसा तयारच होत नाही. आकडा नॉर्मल, पण आजार आहेच. म्हणून आकडा उतरला तरी केमोचं ठरलेलं चक्र मधेच सोडू नये. डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी मागं राहिल्या तर आजार परत येऊ शकतो.

वारंवार तपासणी केली तर फायदा?

दरवेळी नाही. अंडाशयाच्या कॅन्सरमधून सावरलेल्या महिलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. फक्त सीए-१२५ वाढला म्हणून लगेच केमो दिलेल्या आणि त्रास दिसेपर्यंत थांबलेल्या महिलांच्या आयुष्याच्या कालावधीत फरक आढळला नाही. त्यामुळं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दर महिन्याला पदरचे पैसे घालून तपासणी करायची गरज नाही. धडधाकट माणसानं पॅकेजमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून सगळे मार्कर करून घेणंही बरोबर नाही, त्यातून नसती भीती आणि पुढच्या तपासण्यांचा खर्चच वाढतो.

पेशंट व नातेवाइकांनी काय करावं?

- तपासणी शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये करावी. लॅबची पद्धत बदलली की आकडाही बदलतो.
- सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फाइलमध्ये लावावेत, मोबाइलमध्ये फोटो ठेवावा.
- ताप, कावीळ, लघवीचा त्रास, पाळी किंवा चालू असलेली गोळी (केस-नखांसाठीची बायोटिनसुद्धा) डॉक्टरांना सांगावी.
- नवी गाठ, वजन घटणं, रक्त जाणं असा त्रास असेल तर आकडा नॉर्मल असला तरी पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवावं.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्यात यादीतल्या रुग्णालयांत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन बसतं. रक्ताची कोणती तपासणी योजनेत बसते, हे बाहेरच्या लॅबमध्ये पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावं.