दोघंच : सिंदी (रेल्वे) ते मुंबई

'रोमँटिक सिटी गेटअवे' याला मराठीत काय म्हणायचं? दर शुक्रवारी मेलबॉक्समध्ये येऊन पडणाऱ्या जाहिरातींमुळे हा प्रश्न डोक्यात शिरला. सहल म्हटलं की शाळेची लाल यष्टी आठवते, यात्रा म्हटलं की पंढरपूर, आणि प्रवास म्हटलं की होल्डॉल आणि फिरकीचा तांब्या. नवराबायकोने दोघंच, कुठलंही काम नसताना, दोन दिवस कुठेतरी जाऊन राहणं, यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. 'मधुचंद्र' आहे, पण तो इंग्रजी हनीमूनचा सरळ तर्जुमा, आणि तोही लग्नानंतर एकदाच!

ज्या गोष्टीला शब्द नसतो ती गोष्ट बहुतेक वेळा नवी असते. मग ती आपल्याकडे आली कधी आणि कुठून? या विकांताला तेवढंच शोधायचं ठरवलं.

उदाहरण म्हणून गाव घेतलंय सिंदी (रेल्वे). वर्धा जिल्हा, सेलू तालुका, आणि माझं आजोळ. कंसातला 'रेल्वे' हा नावाचाच भाग आहे, कारण वर्ध्याला लागून आणखी एक सिंदी आहे, ती सिंदी (मेघे). बाकी महाराष्ट्राला हे गाव माहीत असलंच तर इथल्या तान्ह्या पोळ्यामुळे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो कंस.

रूळ आले कापसासाठी

जीआयपी रेल्वेचे रूळ नागपूरला पोचले १८६७ साली. भुसावळहून बडनेरा, वर्धा, सिंदी असा हा मार्ग. तो टाकताना सिंदीच्या जोडप्यांना नागपूर दाखवावं असा काही कंपनीचा विचार नव्हता. अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) सुरू झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस आटला आणि वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो मुंबईच्या बंदरात लवकर पोचावा ही सगळ्यांची इच्छा. माणसं त्या गाड्यांमध्ये नंतर मावली.

पण मावली ती भरपूर. त्याआधी बाई घराबाहेर लांब जायची ती माहेरी, बाळंतपणाला किंवा देवाला. नवं जोडपं जोडीने जायचं ते कुलदैवताला. जेजुरीला नवरा नवरीला उचलून पायऱ्या चढतो हा त्यातल्या त्यात जवळिकीचा प्रसंग, आणि तोही अख्ख्या वऱ्हाडाच्या देखत. 'दोघं' होते, 'दोघंच' नव्हते.

एकाच गाडीत, दोन डब्यांत

मग रेल्वेने दोघांना एकत्र आणलं का? इथे एक गंमत आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यात ६४ वं कलम होतं. १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखून ठेवायचा, आणि गाडी पन्नास मैलांपेक्षा जास्त जाणार असेल तर त्या कप्प्याला संडासाची सोय द्यायची. बायकांनी तिथेच बसावं अशी सक्ती कायद्यात नव्हती. पण जिथे सोय असते तिथे रीत पडायला वेळ लागत नाही. बायको बायकांच्या डब्यात, नवरा पुढे कुठेतरी पुरुषांच्या गर्दीत.

माझी आजी सिंदीहून नागपूरला जायची ती अशीच. हे स्वातंत्र्यानंतरचं सांगतोय, म्हणजे कायद्याला साठेक वर्षं झाल्यानंतरचं. जेमतेम पन्नास किलोमीटरचा प्रवास. आजोबा पुढच्या डब्यात, आणि भेट थेट नागपूरच्या फलाटावर. "मग गाडीत बोलायचे कधी?" असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बोलाचं काय असते त्यात? गाठोडं हाये का माह्यापाशी, तेवढं ते उतरल्यावर पाहात."

तरीही या कायद्याला नावं ठेवू नयेत असं मला वाटतं. राखीव कप्पा होता म्हणून अनेक घरांनी बायकांना गाडीत बसू दिलं. आधी बाईला प्रवास मिळाला, दोघांना एकत्र प्रवास मिळायला आणखी दोन पिढ्या गेल्या.

बदली नावाचा गेटअवे

एकोणिसाव्या शतकातल्या सुशिक्षित मराठी जोडप्याला एकांत मिळायचा तो सरकारी बदलीने! रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात हे फार स्वच्छ दिसतं. लग्न १८७३ चं, ती ११ वर्षांची, ते ३१ चे. रानड्यांनी बायकोला शिकवायला घेतलं आणि पुण्याच्या घरातल्या बायकांनी तिला टोमणे मारून हैराण केलं. १८७८ साली रानड्यांची नाशिकला बदली झाली. सरकारच्या लेखी ती फक्त एका न्यायाधीशाची बदली. रमाबाईंच्या आयुष्यात मात्र तो स्वतःचा संसार होता.

गोपाळराव आणि आनंदीबाई जोशी यांचंही तेच. गोपाळराव टपाल खात्यात, त्यामुळे कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज करत हे जोडपं थेट बंगालपर्यंत गेलं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरला (बंगालमधलं, नगरचं नव्हे) केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी रस्त्याने जाताना लोक कसे जमायचे, हसायचे, खडेसुद्धा मारायचे हे सांगितलंय. गुन्हा काय, तर शिकायला जाणं. एकट्या बाईने उघड्या रस्त्यावरून चालण्याची ही किंमत असेल तर जोडीने फिरणाऱ्यांकडे गाव कसं बघत असेल याचा अंदाज आपला आपण करावा.

ज्यांच्याकडे खोली नव्हती

विसाव्या शतकात उलटं झालं. लोक मोठ्या शहरात आले आणि शहरातच एकांत संपला. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींमध्ये एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली. त्यात आईवडील, भावंडं, गावाहून आलेला चुलतभाऊ आणि नवं जोडपं. १९७० साली आलेला 'मुंबईचा जावई' हा राजा ठाकूरांचा सिनेमा याच दुखण्यावर आहे. बासू चटर्जींनी १९७२ साली त्यावरून हिंदीत 'पिया का घर' काढला.

मुंबईच्या नकाशाकडे या नजरेने बघा. राणीची बाग (१८६२), हँगिंग गार्डन, गेटवे (१९२४), मरीन ड्राइव्हचा कठडा, कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट. गाईडबुकात ही प्रेक्षणीय स्थळं. चाळीतल्या जोडप्यांसाठी ही घराची बाहेर काढून ठेवलेली खोली होती. त्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसलं की पाठीमागचं अख्खं शहर दिसेनासं होतं, हे तंत्र कोणी शोधलं कोण जाणे, पण पेटंट घ्यायला हवं होतं :)

तसंच इराण्याच्या आणि उडप्याच्या हॉटेलातली 'फॅमिली रूम'. नाव फॅमिली, आत दोन खुर्च्या, एक टेबल आणि पुढे पडदा. दोन चहांच्या किमतीत अर्ध्या तासाचा आडोसा.

सरकारनेही थोडा हातभार लावला. ऑक्टोबर १९५६ मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी रजा प्रवास सवलत, म्हणजे आपली एलटीसी, सुरू झाली. रेल्वेवाल्यांना पास होताच. पण पासावर नाव 'कुटुंबा'चं, आणि तो वाया घालवणं पाप, त्यामुळे सगळेच निघायचे. १९६७ साली राजदत्तांचा 'मधुचंद्र' आला तोवर हा शब्द शहरात रुळला होता. मुंबईकर माथेरान-महाबळेश्वरला जायचे आणि वैदर्भीय चिखलदरा नाहीतर पचमढीला.

गंमत बघा, ही सगळी ठिकाणं म्हणजे साहेबाने उन्हापासून पळायला शोधलेल्या टेकड्या. शहरातला माणूस गर्दीतून पळून डोंगरावर जातो. सिंदीच्या माणसाची अडचण वेगळी. गावात जागा भरपूर, वाडा ऐसपैस, पण ओळख इतकी की स्टेशनवर पोचेपर्यंत "जोडीनं कुठं निघाले जी?" हे चार जणांना सांगावं लागतं. त्याला गर्दीच हवी असते, अनोळखी माणसांची. म्हणून गावच्या जोडप्याचं 'गेटअवे' हे शहरच असतं, आधी नागपूर आणि जमलं तर मुंबई.

रजिस्टर

शहराने अनोळखीपण दिलं, पण काउंटरवर एक वही ठेवली. १८६७ सालीच, म्हणजे नागपूरला गाडी आली त्याच वर्षी, इंग्रज सरकारने सराई कायदा केला. सराईची नोंदणी करायची, आणि मॅजिस्ट्रेटने मागितलं तर उतरलेल्या माणसांची माहिती द्यायची. तिकडे चोर-ठगांवर नजर ठेवणं हा हेतू असेल. पण 'उतरणाऱ्या माणसाकडे आधी संशयाने बघायचं' ही वृत्ती आपल्या लॉजिंगच्या काउंटरवर आजही भेटते. त्यातून दोघांची आडनावं वेगळी असतील तर विचारूच नका.

ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे टाकले आणि चाळीसेक जोडप्यांना ठाण्यात नेलं. सज्ञान माणसं, बंद खोलीत, स्वतःच्या पैशाने. कलम लावलं ते मुंबई पोलीस कायदा १९५१ चं ११०, जे सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनासाठी आहे! बंद खोली सार्वजनिक कशी, हा प्रश्न तेव्हा बराच गाजला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टाने कोईमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अविवाहित स्त्री-पुरुषांनी हॉटेलच्या खोलीत राहू नये असा कुठलाही कायदा नाही.

हा प्रश्न फक्त मौजेचा नाही. जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या जोडप्यासाठी शहर म्हणजे कधीकधी जीव वाचवण्याची जागा असते. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात तीस दिवस आधी द्यायची नोटीस कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात. सिंदीसारख्या गावातल्या मुलामुलीला ते तीस दिवस केवढे वाटत असतील! २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सुप्रीम कोर्टाने राज्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे काढण्याचा विचार करायला सांगितलं, ते उगाच नाही.

तर प्लॅन असा

इतिहास झाला. आता समजा सिंदीहून दोघांना निघायचंय.

एका दिवसात परत यायचं असेल तर नागपूर. सकाळी भोसल्यांची महाराजबाग, दुपारी सीताबर्डीवर खरेदी, संध्याकाळी तेलंगखेडीचा (म्हणजे फुटाळा) तलाव नाहीतर सेमिनरी हिल्स. ऊन मात्र नागपूरचं आहे, एप्रिल-मे टाळा. मार्च २०१९ पासून मेट्रो आहे, म्हणजे रिक्षावाल्याशी घासाघीस करून मूड घालवायला नको.

तीन दिवस असतील तर मुंबई. नागपूरहून रेल्वेने ८३७ किलोमीटर, सिंदीहून थोडं कमी. वर्ध्याला जाऊन रात्रीची विदर्भ एक्सप्रेस धरायची की सकाळी मुंबई. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटरचा, आणि तो वर्धा जिल्ह्यातूनच जातो. पण एवढा सरळ रस्ता दिवसभर हाकायचा म्हणजे एकाने स्टिअरिंग धरायचं आणि दुसऱ्याने त्याला जागं ठेवायचं. त्यापेक्षा गाडी बरी.

खिसा परवानगी देत असेल तर फर्स्ट एसीचं तिकीट काढा. त्यात चार बर्थची केबिन असते आणि दोन बर्थचा कूपे. कूपे कोणाला, हे चार्ट बनताना ठरतं, बुकिंगच्या वेळी हक्काने मागता येत नाही. मिळाला तर मिळाला. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीट द्यायला सुरुवात केली तेव्हापासून तिकिटाची रांग संपली, पण हा एक जुगार अजून शिल्लक आहे.

हॉटेलला बुकिंगआधी फोन करून ओळखपत्रांचं सरळ विचारून घ्या. दोघांचीही बरोबर ठेवा. आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसा. त्याला पैसे पडत नाहीत, वही भरावी लागत नाही.

बाकी पॅकेजमध्ये लिहिलेलं कँडललाइट डिनर, गुलाबाच्या पाकळ्या वगैरे ज्याची त्याची हौस. मला विचाराल तर या सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे एकाच डब्यात शेजारी शेजारी मिळालेल्या दोन सीटा. त्यांची किंमत आपल्या आधीच्या तीन-चार पिढ्यांनी भरून ठेवली आहे. निदान गाडीत बसल्यावर दोघांनी आपापले मोबाईल बॅगेत ठेवावेत आणि काहीतरी बोलावं.